कर्जतचा महाल आणि नेव्हरलँड : एका पॉडकास्ट भागाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

गायकांच्या दुसऱ्या अल्बमवर बोलणाऱ्या आमच्या ‘दुसरा अल्बम’ या पॉडकास्ट मालिकेचा पुढचा भाग आज नक्की झाला. गायिका मो, देश डेन्मार्क, अल्बम ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’, प्रकाशन १९ ऑक्टोबर २०१८. लांबी नेहमीसारखी, चाळीस मिनिटांच्या आत. स्क्रिप्ट माझी, आवाज मैत्रिणीचा, ध्वनी आणि काटछाट तिच्या धाकट्या भावाची. त्याला नावाने हाक मारली तर ओ देत नाही, ‘साउंडवाले’ म्हटलं की लगेच येतो. म्हणून नोंदींतही तो साउंडवालाच.

आतापर्यंत घेतलेल्या बहुतेक गायकांची अडचण सारखीच होती. वीस-बावीस वर्षांत साठलेलं सगळं पहिल्या अल्बममध्ये ओतलं आणि दुसऱ्याच्या वेळी घडा रिकामा. मोची अडचण नेमकी उलटी. पहिला अल्बम मार्च २०१४ चा, दुसरा ऑक्टोबर २०१८ चा. मधली साडेचार वर्षं ती गप्प बसली नव्हती. त्याच काळात जिममध्ये, टॅक्सीत, लग्नाच्या संगीतात तिचा आवाज वाजत होता. फक्त ती गाणी तिच्या अल्बममधली नव्हती. भागाचा कणा हाच ठेवायचा.

७ ऑगस्ट

पार्श्वभूमीची टाचणं.

पूर्ण नाव कारेन मारी ऑगोर ऑर्स्टेड अँडरसन. फ्यून बेटावरच्या ओडेन्स शहराजवळ उबेरुड नावाचं गाव आहे, तिथली. घराण्यात कोणी संगीतातलं मोठं नाव नाही. लहानपणी स्पाइस गर्ल्सचं वेड, वयात आल्यावर सोनिक यूथ हा रॉक बँड आणि पंक, म्हणजे खडबडीत, बंडखोर रॉक. ओडेन्सच्या कला अकादमीत शिक्षण. मो होण्याआधी ती एका मैत्रिणीबरोबर ‘मोर’ नावाची दोघींची पंक जोडी चालवायची. त्या गाण्यांची डॅनिश शीर्षकं इतकी शिवराळ आहेत की आमच्या भागात ती वाचून दाखवायची नाहीत, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे मैत्रिणीची आई चहा घेऊन आली तेव्हा.

पंकचा मुद्दा मात्र टाकून चालणार नाही. मोच्या गळ्यात जो खरखरीतपणा आहे, ओळीच्या शेवटी आवाज जो मुद्दाम फाटू दिला जातो, तो तिथून आलाय. पुढच्या सगळ्या चर्चेत हा फाटका काठ महत्त्वाचा, कारण दुसऱ्या अल्बमवरचा मोठा आक्षेप त्याच्याच इस्त्रीबद्दल आहे.

पहिला अल्बम ‘नो मिथॉलॉजीज टू फॉलो’. निर्माता रॉनी विन्डाल. तो एकीकडे बीट बनवणार, ही दुसरीकडे आईवडिलांच्या घरी आपल्या जुन्या खोलीत बसून त्यावर गाणार आणि फाइल ईमेलने परत पाठवणार, अशी कामाची पद्धत. ‘पिल्ग्रिम’, ‘वेस्ट ऑफ टाइम’, ‘डोन्ट वॉना डान्स’ ऐकताना ती बंद खोली कानाला जाणवते. आवाज जवळचा, थोडा घुसमटलेला, मागे तुतारीसारखे पितळी सूर. समीक्षकांना तो भावला, डेन्मार्कमध्ये पुरस्कार मिळाले, आणि बाहेरच्या इंग्रजी नियतकालिकांना स्कँडिनेव्हियातून आलेलं आणखी एक नाव मिळालं.

याच अल्बमवर ‘एक्सएक्सएक्स ८८’ नावाचं गाणं आहे. त्यात अमेरिकन डीजे आणि निर्माता डिप्लो. हे नाव पुढे पुन्हापुन्हा येणार.

१३ ऑगस्ट

आज तिचा वाढदिवस, जन्म १९८८ चा. म्हणजे ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’ बाजारात आला तेव्हा तिशी ओलांडून दोन महिने झालेले. शीर्षक कुठून आलं हे सांगायला एवढं पुरे. नेव्हरलँड हे पीटर पॅनचं बेट. मोठं व्हायला नकार देणाऱ्या त्या मुलाची, स्कॉटिश लेखकाने लिहिलेली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, स्क्रिप्टमध्ये दोन वाक्यांपेक्षा जास्त नको.

एक गंमत मात्र ठेवणार. ओडेन्स हे परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसनचं जन्मगाव. १८०५ साली तो तिथे जन्मला आणि शहर अजून त्याच्या नावावर पर्यटक खेचतं. त्याच्या गावची पोर, आडनावसुद्धा अँडरसन, आणि अल्बमचं नाव ठेवताना जाते परक्या देशाच्या परीकथेकडे! हट्टाने घेतलेला निर्णय नसेलही. पण पूर्ण अल्बम परक्या शहरात हरवलेल्या माणसाबद्दल आहे म्हटल्यावर तो शोभतो खरा.

१६ ऑगस्ट

मधल्या वर्षांचा हिशोब. इथे आकडे हवेत, कारण दुसऱ्या अल्बमचं माप लोकांनी याच आकड्यांनी काढलं.

ऑक्टोबर २०१४ : ऑस्ट्रेलियन रॅपर इगी अझेलियाच्या ‘बेग फॉर इट’मध्ये पाहुणा आवाज. अमेरिकन टीव्हीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये दोघी आल्या, कार्यक्रम फसला, मोवर टीका झाली.

२ मार्च २०१५ : ‘लीन ऑन’. मेजर लेझर (म्हणजे डिप्लोचा गट), डीजे स्नेक आणि मो. गाणं आधी रिहाना आणि निकी मिनाज यांच्याकडे गेलं होतं, दोघींनी घेतलं नाही, असं डिप्लोनेच सांगितलंय. शेवटी ज्या मुलीने ते लिहायला हातभार लावला होता तिच्याच आवाजात राहिलं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या, अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्पॉटिफायने ते तोवरचं सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं म्हणून जाहीर केलं, तेव्हाच आकडा ५० कोटींच्या पुढे होता. यूट्यूबवर त्याचा व्हिडिओ ३०० कोटींच्या वर पाहिला गेलाय.

मे २०१६ : ‘फायनल साँग’. हे तिचं स्वतःचं, सोबत लेखनात एमएनईके आणि नूनी बाओ. ब्रिटनमध्ये चौदावा क्रमांक.

जुलै २०१६ : ‘कोल्ड वॉटर’. परत मेजर लेझर, या वेळी जस्टिन बीबर आणि मो. ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेत दुसरा.

यात ‘कामिकाझे’, ‘ड्रम’, ‘नाइट्स विथ यू’, स्नेकहिप्सबरोबरचं ‘डोन्ट लीव्ह’ अशी सुटी गाणी मिळवा. ऑक्टोबर २०१७ मध्ये सहा गाण्यांचा छोटा संच ‘व्हेन आय वॉज यंग’ही आला. शिवाय ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्सच्या ‘थ्री एएम’ आणि ‘पोर्श’मध्ये ती आहेच.

थोडक्यात, एक चांगला अल्बम भरेल इतकी गाणी सुटी-सुटी वाटली गेली. ‘फॉरएव्हर नेव्हरलँड’च्या मुख्य आवृत्तीत यातलं एकही नाही.

२१ ऑगस्ट

आज कर्जतवरून वाद.

‘लीन ऑन’चा व्हिडिओ भारतात चित्रित झाला, दिग्दर्शक टिम एरेम. त्यातला महाल खरा नव्हे. ते चित्रीकरण कर्जतच्या एनडी स्टुडिओतलं आहे, रायगड जिल्हा. स्टुडिओ उभा केला नितीन चंद्रकांत देसाई यांनी. मूळचे दापोलीचे, कलादिग्दर्शनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले, ‘लगान’ आणि ‘देवदास’चे सेट ज्यांच्या नावावर आहेत ते देसाई. ‘जोधा अकबर’साठी त्यांनी तिथे आख्खी मुघल वास्तू उठवली होती. म्हणजे डेन्मार्कची मुलगी, अमेरिकन आणि फ्रेंच डीजे, आणि मागे कोकणातल्या माणसाने प्लायवूड आणि प्लास्टरमधून उभारलेली हिंदुस्थानी शान. जगभर शेकडो कोटी वेळा पाहिली गेलेली ही ‘भारताची’ प्रतिमा रायगडातली, आणि तीही सेटवरची.

साउंडवाला म्हणाला, “ताई, भाग इथूनच सुरू करू. कर्जत लोकलचा आवाज, घाटातला पाऊस, मग एकदम गाणं.” मैत्रिणीचंही तेच मत. श्रोते मराठी आहेत, कर्जत ऐकलं की कान टवकारणारच.

मी विरोधात. सुरुवात कर्जतने केली तर आपण ‘लीन ऑन’चा भाग करतोय, अल्बमचा नाही. ती म्हणाली, “अगं, पण त्या गाण्याशिवाय तिला ओळखतंय कोण?” हाच प्रश्न २०१८ मध्ये अनेकांनी घातला होता, आणि त्यामुळेच अल्बम नीट ऐकला गेला नाही असं माझं म्हणणं आहे. निर्णय पुढे ढकलला.

व्हिडिओबद्दल एक टीप, कुठे बसेल तिथे बसवायची. तेव्हा त्यावर टीका झाली की पाश्चात्त्यांनी पुन्हा एकदा महाल, दागिने, नक्षीदार खिडक्या असा ठरलेला भारत दाखवला. टीका रास्त आहे. पण त्या सगळ्या सजावटीत मो जशी नाचते ते मात्र ठरलेलं नाही. हातपाय सुटे, कोपरं बाहेर, कुठल्या नृत्यदिग्दर्शकाने शिकवल्यासारखं काहीच नाही. पंकवाल्या पोरीचं नाचणं. देसाईंच्या महालात तेवढीच गोष्ट सेटवरची वाटत नाही.

देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत गेले. भागात हे एका वाक्यात, आवाज न बदलता सांगायचं. त्यावर संगीत टाकून श्रोत्यांना रडवायचा प्रयत्न नको, हे साउंडवाल्याला लिहूनच दिलंय.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. त्याआधी अल्बम क्रमाने, हेडफोन लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ऐकला. स्क्रिप्टचा गाभा या टिपणांतून काढायचा आहे.

सुरुवात ‘पर्पल लाइक द समर रेन’ने. दार किलकिलं करून आत डोकावल्यागत. लगेच ‘वे डाउन’. विषय जग बुडायला आल्याचा, चाल मात्र नाचायची. तिला राजकारणाचा राग आहे, आणि रागावूनही आपण पार्टीतच उभे आहोत याची लाज आहे. पहिल्या अल्बममधले पितळी सूर इथे दुरून ओळख देतात. निर्माता या अल्बमचा मुख्य कारागीर स्टिंट, म्हणजे कॅनडाचा अजय भट्टाचार्य. नाव वाचून आपल्याकडचे लोक लगेच नातं जोडतील. जोडू देत, पण त्याच्या कामात शोधायची गोष्ट वेगळी आहे. तो आवाजाभोवती मोकळी जागा ठेवतो. विन्डालच्या बीटमध्ये धूर असायचा, स्टिंटच्या कामात काच आहे.

‘ब्लर’ माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं. साधी गिटार, नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन रॉकची आठवण देणारी खरड, आणि मग धृपदात आवाज असा उघडतो की उबेरुडची खोली आणि लॉस एंजेलिसचा स्टुडिओ दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. नंतर याचीच एक आवृत्ती फॉस्टर द पीपल या बँडसोबत आली. मूळ जास्त चांगलं.

‘नॉस्टॅल्जिया’ आणि ‘सन इन अवर आइज’ (हे डिप्लोसोबत) ही दोन गाणी अल्बमची सर्वांत खपाऊ आणि माझ्या दृष्टीने सर्वांत दुबळी बाजू. वाईट नाहीत. पण २०१५-१६ मध्ये ‘लीन ऑन’नेच जी लाट आणली, मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके, जमैकाच्या डान्सहॉल संगीताचा झोका, उन्हाळी सूर, ती लाट २०१८ पर्यंत ओसरली होती. दरम्यान निम्म्या जगाने तिची नक्कल केली होती. त्यामुळे जिच्या आवाजाने ही तऱ्हा घरोघर पोचली तीच आपल्या अल्बमवर नक्कल केल्यासारखी वाटते. अन्याय आहे, पण कानाला तसं वाटतं खरं.

‘मर्सी’त ऑस्ट्रेलियाचा व्हॉट सो नॉट आणि न्यूयॉर्कचा टू फीट. संथ गाणं, पुरुषाचा खर्जातला आवाज आणि तिचा चिरणारा. साउंडवाल्याला हे आवडतं, मला कंटाळवाणं वाटतं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ.

‘इफ इट्स ओव्हर’, सोबत चार्ली एक्ससीएक्स. दोघींचं जमतं कारण दोघींनाही गोड गाता येतं आणि दोघींनाही ते नको असतं. नातं संपवायचंच असेल तर आत्ता सांग, असा भाव, आणि मागे झगमगाट.

मग ‘वेस्ट हॉलिवूड’ नावाचा छोटा मधला तुकडा. अल्बम कुठे घडतोय ते इथे नाव घेऊन सांगितलंय. इथून पुढचा भाग मला जास्त जवळचा वाटतो. ‘ब्यूटिफुल रेक’, ‘एम्प्रेस ऑफ’ या गायिकेबरोबरचं ‘रेड वाइन’, आणि ‘इमॅजिनरी फ्रेंड’. या तिसऱ्या गाण्यात एकटीने मनात रचलेल्या सोबत्याला हाका मारणं चाललंय. चाल हळूहळू वर चढते, कोरससारखे थर येतात, पण गाणं कधीच सुटत नाही, स्फोट होत नाही. ‘लीन ऑन’ची सवय लागलेला कान तिथे धमाक्याची वाट बघत बसतो. तो न देणं हा मला या अल्बममधला सगळ्यात धीट क्षण वाटतो.

‘ट्राइंग टू बी गुड’ : पार्टीत राहायची सवय मोडू पाहणारी बाई, रोज उद्याची तारीख देणारी. तिशीतल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

टिपण पुन्हा वाचताना एक लक्षात आलं. अल्बमवर माणसं खूप आहेत. डिप्लो, चार्ली, एम्प्रेस ऑफ, टू फीट, व्हॉट सो नॉट. आणि जवळजवळ प्रत्येक गाणं एकटेपणाबद्दल. साडेचार वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत पाहुणी म्हणून गेलेली बाई आपल्या घरी सगळ्यांना बोलावते आणि त्यांच्यासमोरच म्हणते की मला इथे करमत नाही. स्क्रिप्टचं मधलं पान हे.

२ सप्टेंबर

ध्वनिमुद्रण शक्य नाही. संध्याकाळी पेठांत ढोल, दिवसा आरत्यांचे स्पीकर. मैत्रीण म्हणते ढोलाचा ठेका ‘वे डाउन’खाली टाकून बघू. नाही टाकणार.

९ सप्टेंबर

विसर्जन झालं, कान ठिकाणावर आले. आज स्वागताचा भाग लिहिला, म्हणजे अल्बमचं काय झालं ते.

सुरुवातीलाच ठरवलंय की तारे आणि गुण वाचून दाखवायचे नाहीत. कोणी किती तारे दिले याची यादी ऐकायला श्रोता चाळीस मिनिटं देत नाही, आणि ताऱ्यांत कारण लिहिलेलं नसतं. एकूण कल अनुकूल होता. आवाजाचं कौतुक झालं, चालींचं झालं, ‘ब्लर’ आणि ‘इमॅजिनरी फ्रेंड’सारखी गाणी लोकांनी उचलून धरली. तक्रारी दोन प्रकारच्या. एक, पहिल्या अल्बमचा खडबडीतपणा घासून गुळगुळीत केलाय, आता ही रेडिओच्या पॉपसारखी ऐकू येते. दोन, फार उशीर झाला.

पहिली तक्रार निम्मी खरी. वर ‘नॉस्टॅल्जिया’बद्दल मीही तेच लिहिलंय. पण टीकाकारांनी फाटका काठ शोधला तो निर्मितीत, बीटमध्ये. तो आवाजात शाबूत आहे. ‘ब्लर’च्या धृपदात शब्द तोडून सोडण्याची तिची रीत पाहा, ती ओडेन्सच्या पंकमधलीच.

दुसरी तक्रार मला जास्त रोचक वाटते, कारण तिच्यामागे पॉपचा बाजार आहे. साडेचार वर्षं उशीर कशाच्या तुलनेत? तिने दरवर्षी गाणी दिली होती. अल्बम नव्हता एवढंच. स्ट्रीमिंगच्या काळात गाणं आपल्या पायावर चालतं, अल्बमची गरज कंपनीला आणि समीक्षकाला. पण समीक्षा अल्बमचीच होते, त्यामुळे मधली चार वर्षं हिशोबात रिकामी दिसतात.

आणि इथे तो आकड्यांचा मुद्दा, जो मला या भागात सगळ्यात जास्त सांगायचाय. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेची बिलबोर्ड अल्बम यादी स्ट्रीमिंगही मोजायला लागली. एखाद्या अल्बममधली गाणी १,५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम खपला असं धरायचं. २०१८ च्या मध्यात नियम बदलला, पैसे भरून ऐकणाऱ्यांचं १,२५० वेळा ऐकणं म्हणजे एक अल्बम, जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांचं ३,७५०. यातून एक युक्ती रूढ झाली. दोन-तीन वर्षं जुनं गाजलेलं सुटं गाणं नव्या अल्बमच्या शेपटीला जोडायचं, म्हणजे त्या गाण्याचं चालू ऐकणं अल्बमच्या खात्यात जमा होतं आणि पहिल्याच आठवड्यात अल्बम उंच दिसतो.

मोकडे ‘फायनल साँग’ होतं, ‘कामिकाझे’ होतं. हक्काची, नावावरची. तिने जोडली नाहीत. ‘लीन ऑन’ आणि ‘कोल्ड वॉटर’ तर मेजर लेझरची, ‘लीन ऑन’चं ऐकणं त्यांच्या ‘पीस इज द मिशन’ला जमा. म्हणजे एके काळी स्पॉटिफायवर सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या गाण्याचा आवाज असलेली बाई आपला दुसरा अल्बम शून्यातून मोजायला ठेवते. नव्या गाण्यांतलं एकही अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं नाही. मग लोक म्हणाले, उतरती कळा.

मैत्रिणीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बाई, पण ‘फायनल साँग’ असतं तर लोकांनी अल्बम उघडला तरी असता.” उघडला असता. आणि तेच एक गाणं ऐकून बंद केला असता. ‘ब्लर’पर्यंत कोण पोचलं असतं? वाद मिटला नाही, पण दोन्ही बाजू स्क्रिप्टमध्ये घातल्या. तिचं वाक्य तिलाच म्हणायचंय, त्यामुळे जोर येईल.

१५ सप्टेंबर

क्लिप किती वापरायच्या यावर साउंडवाल्याशी बसले. त्याला वाटत होतं तीस सेकंदांपर्यंत कायद्याने चालतं. असा सेकंदांचा नियम भारतीय कायद्यात कुठेच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा देतं. रास्त किती हे कामावरून ठरतं. ज्या ठिकाणी आपण गाण्याबद्दल काही बोलतोय तिथेच तुकडा, बोलून झालं की बंद. पार्श्वसंगीत म्हणून मागे वाजत ठेवणं हे परीक्षण नव्हे.

हे कायद्याचं. यंत्राचं निराळं. अपलोड केल्यावर आपोआप ओळखणारी प्रणाली कलम वाचत नाही, सूर ओळखते आणि भाग खाली उतरवते. म्हणून ‘लीन ऑन’ मुळीच वाजवायचं नाही असं सुचवलं. ते सगळ्यांच्या कानात आहेच. दोघांनी तोंडं पाडली, पण मान्य झालं. ‘ब्लर’, ‘इमॅजिनरी फ्रेंड’, ‘वे डाउन’ यांचे छोटे तुकडे, प्रत्येकावर लगेच बोलणं.

२२ सप्टेंबर

आवाज मुद्रित केला. ‘मो’ उच्चाराची तालीम घ्यावी लागली. ओठ ‘ओ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचं, साधारण तसा डॅनिश स्वर. पहिल्यांदा एकदाच नीट म्हणायचा, नंतर सरळ मराठी ‘मो’. दर वेळी ओठ गोल केले तर श्रोते गोष्ट सोडून ओठच ऐकतात. ऑर्स्टेडही आपल्या वळणाने. बीबरला अर्थातच तालीम लागली नाही.

‘रेड वाइन’चा परिच्छेद वाचताना मैत्रीण मधेच थांबून म्हणाली, हे गाणं तू लिहिलंयस त्यापेक्षा हलकं आहे, उगाच गंभीर केलंयस. पुन्हा ऐकलं. परिच्छेद निम्मा केला.

२९ सप्टेंबर

पहिला कट ऐकला. कर्जतचा भाग नऊ मिनिटांवर गेलाय. तुकडे सगळे चांगले. देसाईंच्या कामाची माहिती, खोट्या महालाचा विनोद, व्हिडिओवरची टीका, तिचं नाचणं. कुठून कापायचं कळत नाही इतकं नीट बसलंय. आणि त्यानंतर अल्बम सुरू होतो तेव्हा तो भाग संपल्यानंतरची पुरवणी वाटते. २०१८ मध्ये जे झालं तेच आमच्या एडिटमध्ये झालं.

साउंडवाल्यापुढे दोन पर्याय ठेवले. कर्जत पूर्ण काढून त्याचा वेगळा छोटा भाग करायचा, किंवा तीन मिनिटांत बसवून मध्ये, स्वागताच्या आधी घालायचा. म्हणजे श्रोत्याने आधी अल्बम ऐकलेला असेल आणि मग कळेल की या मुलीला जगाने कुठल्या चौकटीत पाहिलं होतं. त्याने दुसरा निवडला. “पण लोकलचा आवाज ठेवू,” म्हणाला. ठेवू. पाच सेकंद.

देसाईंवर स्वतंत्र भाग व्हायला हवा, पण या मालिकेत नाही. वेगळ्या वहीत टिपलं.

३ ऑक्टोबर

शेवट काय करायचा ते राहिलं होतं. दुसऱ्या अल्बमनंतरची गोष्ट थोडक्यात सांगायची ठरली.

सततच्या दौऱ्यांनंतर आवाजाचा त्रास, घाबरेपणाचे झटके, मग डेन्मार्कमध्ये परतून राहणं. तिसरा अल्बम ‘मोटरड्रोम’ २८ जानेवारी २०२२ ला आला. शीर्षकातलं मोटरड्रोम म्हणजे आपल्या जत्रेतला मौत का कुआ, लाकडी विहिरीच्या भिंतीवरून गोल फिरणारी मोटारसायकल. डोक्यात त्याच त्या विचारांची घरघर कशी असते यासाठी तिने ते चित्र घेतलं. त्यात गिटार आणि काळोख दोन्ही वाढले, ‘ब्लर’चं बी तिथे उगवलेलं दिसतं. चौथा, ‘प्लेगर्ल’, या वर्षी मे महिन्यात आला. या दोन्हींना मिळून स्क्रिप्टमध्ये दीड मिनिट. जास्त बोललं तर ‘पुढे सगळं चांगलं झालं’ असा सूर लागतो आणि दुसरा अल्बम मधला जिना होऊन बसतो. तो तसा नाही.

स्क्रिप्टमधली दोन विशेषणं खोडली. ‘दुर्लक्षित’ हे एक. लाखो लोकांनी ऐकलेल्या अल्बमला दुर्लक्षित म्हणणं हे आम्हा ऐकणाऱ्यांचं भाव खाणं आहे. चुकीच्या मापाने मोजलेला, एवढंच म्हणायचं.

८ ऑक्टोबर

शेवटचा कट ३६ मिनिटं. क्रम असा : ‘ब्लर’ने सुरुवात, उबेरुड आणि पहिला अल्बम, मधली वर्षं, दुसरा अल्बम गाण्यागणिक, कर्जत, स्वागत आणि बिलबोर्डचा नियम, ‘फायनल साँग’वरचा आमचा वाद, नंतरचे अल्बम, ‘इमॅजिनरी फ्रेंड’चा तुकडा.

१९ ऑक्टोबरला, अल्बमच्या तारखेला प्रसिद्ध करावं असं मैत्रिणीचं मत होतं. त्या दिवशी घराघरात चकल्या तळत असतील, कोण ऐकणार? शुक्रवारी १० तारखेलाच टाकतोय. वर्णनात कलाकारांची नावं देताना स्टिंट आणि विन्डाल यांची नावं निर्माते म्हणून, टिम एरेम दिग्दर्शक म्हणून, आणि कर्जतच्या ओळीत नितीन देसाई. जोडचित्रासाठी साउंडवाल्याने व्हिडिओतल्या महालाचा फोटो पाठवलाय. परत पाठवला. ओडेन्सचा नकाशा टाक म्हटलंय, फ्यून बेट नीट दिसेल असा.

पुढच्या भागासाठी तिघांनी एकेक नाव सुचवायचंय. अट एकच, गायकाचं सर्वांत गाजलेलं गाणं त्याच्याच अल्बममधलं हवं.